दुसरी खुर्ची : उपराष्ट्राध्यक्षाला काम काय असतं?

१. राहुरीतला प्रश्न

"उपाध्यक्षाला काम काय असतं हो?" हा प्रश्न राहुरी तालुक्यात कुठंही ऐकू येतो. इथल्या माणसाला 'उप' लागलेली पदं चांगली ठाऊक आहेत. ग्रामपंचायतीत उपसरपंच आहे, नगरपरिषदेत उपाध्यक्ष आहे, विकास सोसायटीत आणि साखर कारखान्यात व्हाइस चेअरमन आहे. निवडणुकीनंतर ही नावं ठरतात, गुलाल उडतो, पेपरात फोटो येतो. त्यानंतर तो माणूस दिसतो तो व्यासपीठावर, अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीत. सह्या अध्यक्षांच्या, निर्णय अध्यक्षांचे. एका गटाला पहिलं पद मिळालं म्हणून दुसऱ्याची समजूत काढायला दुसरं पद द्यायचं, एवढाच त्याचा उपयोग, असं लोक धरून चालतात.

यातलं निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं समजून घ्यायला आफ्रिकेत जावं लागतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तिथल्या प्रजासत्ताकांत दुसऱ्या खुर्चीतला माणूस पहिल्या खुर्चीत जाऊन बसल्याचे प्रसंग पुन्हा पुन्हा घडले आहेत. नायजेरियात २०१० साली, मलावी आणि घानात २०१२ साली, झांबियात २०१४ साली, टांझानियात २०२१ साली, नामिबियात २०२४ साली. आणि तिथल्या उपराष्ट्राध्यक्षांच्या दोन जुन्या कहाण्या तर आपल्या घराजवळून जातात. केनियाच्या एका उपराष्ट्राध्यक्षांचे वडील गोमंतकीय होते. मॉरिशस या आफ्रिकी प्रजासत्ताकात तर मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत.

२. आधी पहिली खुर्ची

दुसऱ्या पदाची किंमत पहिल्यावर ठरते, म्हणून आधी पहिलं पद पाहू.

राष्ट्रप्रमुख दोन प्रकारचे असतात. एक स्वतः राज्य चालवतो. मंत्रिमंडळ त्याचं, सैन्य त्याच्या हुकमातलं, अंदाजपत्रक त्याचं. केनिया, नायजेरिया, घाना, मलावी, झिंबाब्वे इथं हा प्रकार आहे. दुसरा राष्ट्रप्रमुख मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागतो आणि खरा कारभार पंतप्रधान पाहतो. भारत आणि मॉरिशस या दुसऱ्या गटात येतात.

हा फरक राहुरीत नजरेसमोर आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कुलपती म्हणजे राज्याचे राज्यपाल. पण बियाण्यांच्या वाणांपासून प्राध्यापकांच्या नेमणुकांपर्यंतचा रोजचा कारभार पाहतात कुलगुरू. सर्वांत उंच खुर्ची आणि सर्वांत कामाची खुर्ची एकच असेल असं नाही. कोणत्याही देशाच्या उपराष्ट्राध्यक्षाविषयी वाचताना म्हणून पहिल्यांदा हे पाहावं, की तो नेमका कुणाचा 'उप' आहे. राज्य चालवणाऱ्याचा, की सल्ल्यानं सही करणाऱ्याचा?

३. बसवतो कोण, उठवतो कोण?

यापुढं तीन प्रश्न विचारायचे. या माणसाला खुर्चीत बसवलं कुणी? त्याला उठवू कोण शकतं? आणि पहिली खुर्ची अचानक रिकामी झाली तर त्या दिवशी काय होतं? देशाच्या राज्यघटनेत या तिन्हींची उत्तरं मिळाली, की उपराष्ट्राध्यक्षाची खरी ताकद कळते.

पहिले दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. दोन उदाहरणं शेजारी ठेवली की ते उघड होतं.

झिंबाब्वेत राष्ट्राध्यक्ष आपला उपराष्ट्राध्यक्ष स्वतः नेमत आणि स्वतःच काढत. ६ नोव्हेंबर २०१७ ला रॉबर्ट मुगाबे यांनी एमर्सन म्नंगाग्वा यांना पदावरून काढून टाकलं. त्यासाठी संसदेत ठराव लागला नाही की मतदान लागलं नाही. त्यानंतर सैन्य रस्त्यावर उतरलं, २१ नोव्हेंबरला मुगाबेंना राजीनामा द्यावा लागला आणि २४ तारखेला त्याच म्नंगाग्वांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. ते परतले ते सैन्याच्या बळावर. त्यांच्या जुन्या पदात त्यांना वाचवण्याची काहीही ताकद नव्हती.

मलावीत राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष एकाच जोडीनं जनतेसमोर जातात आणि मतदार दोघांना मिळून एकच मत देतात. २००९ साली बिंगू वा मुथारिका आणि जॉयस बांडा अशी जोडी निवडून आली. पुढं दोघांचं बिनसलं. २०१० च्या अखेरीस पक्षानं बांडाबाईंची हकालपट्टी केली आणि त्यांनी स्वतःचा वेगळा पक्ष काढला. पण उपराष्ट्राध्यक्षपदावरून त्यांना हटवणं मुथारिकांच्या हातात नव्हतं, कारण ते पद त्यांना जनतेच्या मतानं मिळालं होतं. ५ एप्रिल २०१२ ला मुथारिकांचं अचानक निधन झालं. ती बातमी जाहीर करायला सरकारनं दोन दिवस लावले. खुर्ची दिवंगत राष्ट्राध्यक्षांच्या भावाकडं जावी म्हणून मधल्या काळात काही मंत्र्यांनी हालचाली केल्या. त्या फसल्या. राज्यघटनेत उपराष्ट्राध्यक्षाचं नाव होतं, आणि ७ एप्रिलला बांडाबाईंनी शपथ घेतली. सत्ताधारी पक्षानं हाकलून दिलेली बाई देशाची प्रमुख झाली, आणि रक्ताचा थेंबही न सांडता.

नेमलेला माणूस नेमणाऱ्याच्या मर्जीवर उभा असतो, तर निवडून आलेल्याच्या पायाखाली स्वतःची जमीन असते. केनियानं हे ओळखून २०१० च्या नव्या राज्यघटनेत जोडीनं निवडून येण्याची पद्धत आणली. त्यामुळं २०२४ साली उपराष्ट्राध्यक्ष रिगाथी गाचाग्वा यांना हटवायचं ठरलं तेव्हा राष्ट्राध्यक्षांचा एक कागद पुरला नाही. महाभियोग आणावा लागला आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांनी तो मंजूर करावा लागला.

जुन्या केनियात मात्र असं काही नव्हतं. तिथंच आपल्या जवळच्या पहिल्या माणसाची गोष्ट घडली.

४. जोसेफ मुरुंबी

जोसेफ झुझार्ती मुरुंबी यांचा जन्म १९११ साली केनियात झाला. वडील गोव्याहून तिकडं गेलेले व्यापारी, आई मासाई. शिक्षणासाठी त्यांना लहानपणीच भारतात, बंगळूरला पाठवलं गेलं. वडिलांच्या नात्यानं त्यांना आशियाई म्हणून जगता आलं असतं, आणि त्या काळच्या वर्णभेदी केनियात आफ्रिकी माणसाच्या तुलनेत आशियाई असण्याचे फायदे होते. त्यांनी आईकडची ओळख निवडली आणि आफ्रिकी स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९५२ साली इंग्रज सरकारनं आणीबाणी लावून जोमो केन्याटा आणि त्यांच्या साथीदारांना अटक केली, तेव्हा केनिया आफ्रिकन युनियनची धुरा काही काळ मुरुंबींनी वाहिली. पुढं लंडनला जाऊन वर्षानुवर्षं ते वसाहतवादविरोधी चळवळीत राबले.

त्यांचे जिवलग मित्र होते पियो गामा पिंटो. तेही गोमंतकीय वंशाचे, नैरोबीत जन्मलेले, गोव्याच्या मुक्तीसाठीही झटलेले. २४ फेब्रुवारी १९६५ ला नैरोबीत, घराच्या दारात गाडीमध्ये, पिंटोंना गोळ्या घालून मारण्यात आलं. स्वतंत्र केनियातली ही पहिली राजकीय हत्या मानली जाते. केनिया स्वतंत्र होऊन तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं.

आता उपराष्ट्राध्यक्षपदाकडं येऊ. पहिले उपराष्ट्राध्यक्ष ओगिंगा ओडिंगा यांचं राष्ट्राध्यक्ष केन्याटांशी पटेनासं झालं. मार्च १९६६ मध्ये लिमुरू इथं सत्ताधारी पक्षाची परिषद भरली. तिथं पक्षाचं एकच असलेलं उपाध्यक्षपद मोडून प्रांतवार आठ उपाध्यक्ष करण्यात आले. ओडिंगांचे पंख छाटण्यासाठीच ही योजना होती. एका वजनदार उपाध्यक्षाला हलकं करायचं तर आणखी सात नेमावेत, ही युक्ती आपल्याकडच्या संस्थांनाही नवी नाही. ओडिंगांनी राजीनामा दिला आणि मे १९६६ मध्ये केन्याटांनी आपले परराष्ट्रमंत्री मुरुंबी यांना उपराष्ट्राध्यक्ष केलं.

ते वर्ष सरण्याआधीच मुरुंबींनी पद सोडलं. सरकारी कारण प्रकृतीचं होतं. पिंटोंच्या खुनानं त्यांचं मन उडालं होतं आणि सत्तेतल्या सहकाऱ्यांची जमिनी-मालमत्तांची हाव त्यांना सोसवली नाही, असं मानलं जातं. देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदावरून एवढ्या लवकर, स्वतःहून उठून जाणारा माणूस विरळा. पुढचं आयुष्य त्यांनी पुस्तकं, टपाल तिकिटं, आफ्रिकी कलावस्तू जमवण्यात घातलं. १९७२ साली अ‍ॅलन डोनोव्हन यांच्यासोबत त्यांनी नैरोबीत 'आफ्रिकन हेरिटेज' हे कलादालन उभारलं. त्यांचा संग्रह आज केनियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहायला मिळतो. मला विचाराल तर मुरुंबींनी देशाला दिलेलं खरं देणं हेच. त्यांना मिळालेली खुर्ची दुसऱ्याच्या मर्जीची होती, आणि तिथं बसून मनासारखं काही करता येणार नाही हे त्यांना काही महिन्यांत उमगलं.

५. रिकाम्या खुर्चीचा दिवस

तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. उसाचं पाणी चालू असताना विहिरीवरची मोटार जळाली, तर शेतकरी शेडमध्ये दुसरी मोटार आहे का एवढं पाहून थांबत नाही. तिची केबल स्टार्टरला जोडलेली आहे का, हे पाहतो. राज्यघटनेतली ही जोडणी तीन प्रकारे केलेली दिसते.

पहिला प्रकार : उपराष्ट्राध्यक्ष उरलेल्या सगळ्या मुदतीसाठी राष्ट्राध्यक्ष होतो. घानात जॉन महामा, टांझानियात सामिया सुलुहू हसन असेच आले. टांझानियात जॉन मागुफुली यांचं निधन १७ मार्च २०२१ ला जाहीर झालं आणि १९ तारखेला सामियाबाईंचा शपथविधी झाला. त्या झांझिबारच्या. मुख्य भूमी आणि झांझिबार बेट यांचा मिळून तो देश झालेला असल्यानं एक पद एकीकडं, तर दुसरं दुसरीकडं असा तिथला नियम आहे. समतोलासाठी दिलेलं पद अशा रीतीनं सर्वोच्च पद झालं.

दुसरा प्रकार : तो ठरावीक दिवस कारभार पाहतो आणि तेवढ्यात निवडणूक होते. झांबियात २०१४ साली मायकेल साटा वारले. उपराष्ट्राध्यक्ष गाय स्कॉट हे गोरे गृहस्थ. त्यांना ९० दिवसांत निवडणूक घ्यायची होती. स्वतः उभं राहण्याची मात्र मुभा नव्हती, कारण उमेदवाराचे आईवडील झांबियाचे असले पाहिजेत अशी अट होती. केनियातही हेच ९० दिवस होते. उपराष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांना ते मिळू नयेत म्हणून १९७६ साली काही बड्या नेत्यांनी राज्यघटना बदलण्याची मोहीम काढली. राष्ट्राध्यक्षांच्या मृत्यूची कल्पना करणं हादेखील गुन्हा आहे, अशी तंबी महान्यायवादी चार्ल्स न्जोंजो यांनी दिली आणि मोहीम थंडावली. ऑगस्ट १९७८ मध्ये केन्याटा गेले. मोईंना ९० दिवस मिळाले आणि त्या ९० दिवसांची पुढं २४ वर्षं झाली. 'फक्त तात्पुरता कारभार' हे शब्द कुठंही वाचले, की मला मोई आठवतात.

तिसरा प्रकार म्हणजे जोडणीच अर्धवट असते. नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष उमारू यार'अदुआ २३ नोव्हेंबर २००९ ला उपचारासाठी सौदी अरेबियात गेले. घटनेत लिहिलं होतं, की राष्ट्राध्यक्षांनी रजेवर जात असल्याचं पत्र संसदेला दिलं तर उपराष्ट्राध्यक्ष कारभार पाहील. पत्र आलंच नाही. माणूस परदेशात अंथरुणाला खिळलेला, आणि कारभार सुरू करण्याची किल्ली त्याच्याच खिशात! अडीच महिने आफ्रिकेतला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा देश प्रमुखाविना चालला. शेवटी ९ फेब्रुवारी २०१० ला संसदेनं, गरजेला कायदा नसतो असं म्हणत, गुडलक जोनाथन यांना हंगामी राष्ट्राध्यक्ष केलं. मे महिन्यात यार'अदुआ वारले. त्यानंतर घटना दुरुस्त झाली. आता २१ दिवसांत पत्र आलं नाही तर संसद स्वतःच ठराव करू शकते.

आपण भारतीयांनीही अशी फट अनुभवली आहे. ३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं निधन झालं. घटनेनुसार उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले. पण उपराष्ट्रपतीही नसेल तर पुढं कोण, याचं उत्तर घटनेच्या कलमांत नव्हतं. त्याच महिन्यात संसदेनं कायदा करून सरन्यायाधीशांचं नाव लावलं. जुलैत निवडणूक लढवण्यासाठी गिरींनी राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला ऑगस्टपर्यंत हंगामी राष्ट्रपती राहिले.

६. मॉरिशसमधले चार दिवस

एकानंतर कोण, हे ठरवणाऱ्या अशाच साखळीची सर्वांत कडक परीक्षा मॉरिशसमध्ये झाली.

१८३४ पासून या बेटावर उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातली मराठी माणसं होती. त्यांचे वंशज आज तिथले नागरिक आहेत. गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांत मराठी शिकवली जाते. एप्रिल २०२३ मध्ये मोका इथं छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, ते महाराष्ट्राचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते.

मॉरिशस १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र आणि १२ मार्च १९९२ ला प्रजासत्ताक झालं. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती हे दोघेही संसदेतून, पंतप्रधानांच्या प्रस्तावावर, पाच वर्षांसाठी निवडले जातात. उपराष्ट्रपतीला ठरवून दिलेलं काम थोडंच. राष्ट्रपती सोपवतील ते करायचं आणि राष्ट्रपतिपद रिकामं झालं तर सांभाळायचं. आजवरच्या उपराष्ट्रपतींत तमिळ, मुस्लिम, क्रिओल अशा वेगवेगळ्या समाजांची माणसं दिसतात. आपल्या ग्रामपंचायतीत वेगवेगळ्या वस्त्यांना मान दिला जातो, तसाच हा प्रकार. या वाटणीला कमी लेखू नये. अनेक समाजांच्या छोट्या देशात प्रत्येकाला आपला माणूस वरच्या रांगेत दिसणं गरजेचं असतं.

११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर सुरक्षा परिषदेनं सर्व देशांना दहशतवादाविरुद्ध कडक कायदे करायला सांगितलं. मॉरिशस त्या वेळी परिषदेचा अस्थायी सदस्य होता. पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या सरकारनं विधेयक आणलं. संशयिताला वकिलाला भेटू न देता काही काळ डांबून ठेवण्याचा अधिकार त्यात पोलिसांना मिळणार होता. राष्ट्रपती कासम उतीम यांनी ते फेरविचारासाठी परत पाठवलं. संसदेनं पुन्हा मंजूर केलं. आता राष्ट्रपतींना सही करण्यावाचून घटनेनं दुसरा मार्ग ठेवलेला नव्हता. सही करायची नसेल तर पदच सोडायचं.

१५ फेब्रुवारी २००२ ला उतीम यांनी राजीनामा दिला. जवळपास दहा वर्षं त्या पदावर असलेला माणूस एका सहीसाठी उठून गेला.

कारभार आला उपराष्ट्रपती अंगिडी चेट्टियार यांच्याकडं. देशातलं सर्वोच्च पद त्यांच्यापुढं आपोआप चालत आलं होतं आणि त्यासाठी हवी होती फक्त एक सही. त्यांनीही ती नाकारली आणि १८ तारखेला राजीनामा दिला. मग क्रमानं पाळी आली सरन्यायाधीश अरिरंगा पिल्ले यांची. ते हंगामी राष्ट्रपती झाले, त्यांनी सही केली आणि कायदा झाला. २५ फेब्रुवारीला संसदेनं कार्ल ऑफमन यांना राष्ट्रपती आणि रऊफ बंधन यांना उपराष्ट्रपती निवडलं.

चेट्टियार यांनी काय साधलं, असं कुणी विचारेल. कायदा तर झालाच. माझ्या मते त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, ज्या पदाला शोभेचं म्हणतात त्यालाही 'नाही' म्हणता येतं. दुसरी, एक नाही दोन माणसं उठून गेली तरी बेटावर कारभार थांबला नाही, कारण तिसरा माणूस कोण हे आधीच लिहून ठेवलेलं होतं. माणसांची सदसद्विवेकबुद्धी आणि घटनेची जोडणी दोन्ही एकाच आठवड्यात कसाला लागली, आणि दोन्ही उतरली. संसदेनंही चेट्टियारांचा नकार मनात धरला नाही. २००७ साली ते पुन्हा उपराष्ट्रपती झाले आणि सप्टेंबर २०१० मध्ये पदावर असतानाच त्यांचं निधन झालं.

पुढंही ही दुसरी खुर्ची बिनकामाची राहिली नाही. पंतप्रधानपदानंतर राष्ट्रपती झालेल्या अनिरुद्ध जगन्नाथ यांनी २०१२ मध्ये ते पद सोडलं तेव्हा उपराष्ट्रपती मोनिक ओहसान बेलेपो यांनी कारभार पाहिला. मार्च २०१८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या वादावरून राष्ट्रपती अमीना गुरीब-फकीम यांनी राजीनामा दिला, त्यानंतर उपराष्ट्रपती बार्लेन व्यापूरी यांनी सुमारे वीस महिने हंगामी राष्ट्रपती म्हणून काम केलं.

७. परत आपल्याकडं

आता हेच तीन प्रश्न महाराष्ट्राला विचारू. उपमुख्यमंत्री हे पद राज्यघटनेत नाही. १९७८ साली नाशिकराव तिरपुडे आपले पहिले उपमुख्यमंत्री झाले, तेव्हापासून हे नाव रूढ आहे. पण घटनेच्या लेखी ती व्यक्ती मंत्री आहे. बसवतात पक्ष आणि मुख्यमंत्री, उठवू शकतात तेच, आणि मुख्यमंत्र्यांची खुर्ची रिकामी झाली तर उपमुख्यमंत्र्याला आपोआप काहीही मिळत नाही.

तुमच्या गावच्या उपसरपंचाचं तसं नाही. सरपंच आता थेट जनतेतून येतो आणि उपसरपंच सदस्यांमधून निवडला जातो. त्याला हटवायला सरपंचाची नाराजी पुरत नाही, सदस्यांचा अविश्वास ठराव लागतो. सरपंच गैरहजर असेल तर सभा चालवणं आणि कारभार पाहणं हे काम ग्रामपंचायत कायद्यानंच त्याच्याकडं दिलं आहे. कायद्याच्या कागदावर पाहिलं तर राहुरी तालुक्यातल्या एखाद्या गावच्या उपसरपंचाची जागा मंत्रालयातल्या उपमुख्यमंत्र्यापेक्षा पक्की आहे.

तेव्हा पुढच्या वेळी गावात उपसरपंचाची निवड असेल तेव्हा कोणत्या गटाला पद गेलं एवढंच विचारू नका. उद्या सरपंच सहा महिने अंथरुणाला खिळले तर हा माणूस गाव चालवू शकेल का, हे आपल्या वॉर्डाच्या सदस्याला निवडीच्या आधी विचारा.